ओला माल

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायचं ठरवलं होतं — चहा ठेवला, समोर बसले, तोंड उघडलं आणि भाजी महाग झाल्याचं बोलले. आज तुम्हाला सांगते आहे ते धीर आला म्हणून नव्हे. वैताग आलाय म्हणून. स्वतःचा.

सुरतेत मला लोक कॉफीवाल्या काकू म्हणतात. माझं माहेर चिखलदरा. तिथे कॉफी पिकते हे अर्ध्या महाराष्ट्राला ठाऊक नाही, तर सुरतेला कुठून असणार? यांची बँकेतली बदली इथे झाली, मुलं शिकून बाहेर पडली, आणि मी गावाकडची कॉफी आणून विकायचं डोक्यात घेतलं. चहाच्या शहरात! सकाळी कढईत बिया भाजायला घेतल्या की समोरच्या बेन दार उघडून विचारायच्या, "शुं बळ्युं?" रोज. आता रोज काय जळणार हो माझ्या घरात?

माल पाठवायची माझी भावजय कल्पना — धाकट्या भावाची, विलासची, बायको. लाल फळं तोडून आणायची, गच्चीवर उन्हात पसरायची, सारखी हाताने खालीवर करायची, खडखडीत वाळली की साल काढून बिया पोत्यात भरायची. पोती ट्रॅव्हल्सच्या गाडीने यायची आणि हे कडोदऱ्याला हायवेवर जाऊन ती उतरवून घ्यायचे. शेजारच्या दोन-तीन घरांची फळंही ती वाळवून द्यायला लागली होती. तिचं स्वतःचं असं काहीतरी उभं राहत होतं. फोनवरचा तिचा आवाजसुद्धा बदलला होता — मोकळा झाला होता. हे मला तेव्हा कळत होतं. म्हणजे नकळत घडलं, असं म्हणायचीही सोय नाही.

मग वेसूतल्या एका कॅफेवाल्याने पहिली मोठी ऑर्डर दिली. कल्पनाने पोती पाठवली. घरात जागा कुठे? मी ती मागच्या गॅलरीत ठेवली, वॉशिंग मशीनला टेकून. हे ऑडिटसाठी बाहेरगावी होते. मला कामरेजला एका लग्नाला जायचं होतं. जाताना मशीन लावलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी परतले तर मशीनचा पाइप निघालेला, गॅलरीत पाणी आणि पोती खालून भिजलेली. हात घातला तर बिया फुगलेल्या.

चादरी अंथरल्या, पंखे लावले, बिया वाळवल्या. हे यायच्या आत सगळं आवरलं. ओल्या सतरंजीसारखा वास येत होता. भाजल्यावर जाईल, असं मी स्वतःला समजावलं. असा वास जातो का कधी?

कॅफेवाल्याने पाकिटं परत आणली. "बेन, भेजनी वास आवे छे," म्हणाला. दमट वास येतोय. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "गावाकडूनच ओला माल आला हो." किती सहज! अडखळलेसुद्धा नाही. तो बिचारा उलट माझीच समजूत घालत बसला. ऑर्डर त्याने चालू ठेवली.

इथे थांबता आलं असतं. परक्या माणसाला मारलेली थाप, तिथेच संपली असती. पण संध्याकाळी विलासचा फोन आला, माल आवडला का म्हणून. त्यालाही मी तेच सांगितलं. का? त्याला तर काही घेणंदेणं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर हसला असता फार तर. पण एकदा म्हटलेलं मागे कसं घ्यायचं — एवढाच, इतका फालतू विचार होता तो.

फोन कानाशीच होता. तो तिकडे वळून बोलला ते मी ऐकलं. "तुह्या हातानं एक काम धड होत नाही."

मग कल्पना फोनवर आली. "ताई, म्या तं बराबर वाळवली होती जी. दातानं फोडून पाह्यली होती."

आणि मी काय म्हणाले? "असू दे गं कल्पना. होते चूक माणसाकडून. मी काही मनात ठेवलं नाही."

मी तिला माफ केलं! खोटं बोलणारे पुष्कळ असतात. पण आपण भिजवलेल्या मालाबद्दल दुसरीला क्षमा करणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? ती म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे ताई."

विलासने गावात बोलून दाखवलं. शेजारणींनी फळं द्यायचं बंद केलं. व्यवहार त्याने स्वतःकडे घेतला. ती आता तो सांगेल तेवढंच पसरते, तो म्हणेल तेव्हा उचलते. आणि दर हंगामाला मूठभर बिया आधी मला कुरिअरने पाठवते, मी पास केल्या तरच पोती भरतात. वर फोन — "त्या वेळेसारखं नाही होणार ताई." दर वर्षी! मला संताप येतो. तिचा येतो, बघा. एकदा तरी का म्हणत नाही ही, की तुमच्याचकडे भिजली असेल? का भांडत नाही? जणू मला सोडवणं हेही तिचंच काम.

मागच्या महिन्यात मंडळाच्या बायकांनी मला बोलायला बोलावलं. धंद्याचं गुपित काय, असं कुणीतरी विचारलं. "माणसं जपावी लागतात," मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

परवा कल्पनाचा फोन आला. तिच्या लेकीचं, रसिकाचं, कॉलेज संपलं, तिला हे काम शिकायचंय. मी म्हटलं, "मग शिकव की, तू आहेस ना."

"माह्याकडून नको ताई," ती म्हणाली. "माह्या हाताचा काही भरवसा नाही. तुमच्याकडंच शिकू द्या तिला."

मी आजवर एक फळ वाळवलेलं नाही. बोलायला जागा होती — फोनवर आम्ही दोघीच होतो, विलास शेतावर गेला होता, हे ऑफिसात होते.

मी म्हणाले, "पाठव."

रविवारी पोरगी येते आहे.