मालनला न्यायला कोण येणार?

…न्हाई, ती खिडकी राहू दे उघडी, वारं येतंय बरं. तू लिही. कुटवर आलो आपण? हां, ट्रंक. तर मालननं ट्रंक भरली, उपसली, परत भरली. सकाळी भरायची, दुपारी उपसायची. म्या म्हणलं, "मालन, बिजागर निखळल आता त्या ट्रंकीचं." तर मला म्हणती, "वैनी, तारीख जवळ यायलीय अन बा जागचा हलंना!"

मालन म्हंजे कोण हे बी लिही, न्हाईतर वाचणाराला काय कळंल. तुझ्या आज्याची धाकली बहीण. नांदेडची आजी तुमची. आता तिचे गुडघे दुखतेत, पण तवा काडीवानी व्हती, अन चालायची अशी की वाऱ्यानं पदर मागं ऱ्हायचा. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या सालातली गोष्ट. औरंगाबादेत शिकून नवीच डॉक्टर झाल्ती. आमचं घर मानवतात, जिनिंगच्या मागल्या वस्तीत. मामा, म्हंजे माझे सासरे दत्तराव, जिनिंगमंदी कापसाचे बोजे उचलायचे. अंगाला कायम कापूस चिकटलेला, भुवईला बी. मी म्हणायची, मामा, ह्या कापसानं तुमी म्हातारे दिसायलात. वस्तीतली आमची पयली डॉक्टर अन तिचा बाप बोजे उचलायचा, लिही हे.

आता डॉक्टर झाली म्हंजे लगीच खुर्चीत बसली असं नसतंय. सरकार जागा देतंय. मी गेल्ते ना परभणीला तिच्यासंगं, तुझा बाप तवा कडेवर व्हता माझ्या. हापिसात बाकड्यावर समदी नवी डॉक्टर पोरं बसल्याली, टेरिलीनच्या पँटी, एकाएकाचं पाय हलवणं चालू. नंबरावारी आत बोलवायचे. आत गेला की रिकाम्या गावांची नावं वाचायचे, त्यातलं एक घ्यायचं. जे पयले गेले त्यांनी डांबरी रोडवरची गावं घेतली. कुणी भाईर येऊन हासायचा, कुणी येऊन नुसता पाणी प्यायचा. मालनचा नंबर मागं. ती नखं खायलेली. म्या हातावर चापट मारली तवा थांबली.

आत मला बी घेतलं. कारकून चांगला माणूस व्हता. म्हणला, "बाई, आता हिवरगव्हाण राहिलंय. दवाखाना हाय, राहायला खोल्या हायत, पण वरीस झालं डॉक्टर न्हाई. येष्टी न्हाई जात, गाडीवाट हाय. घेता का पुढच्या खेपंपतुर थांबता?"

मालननं माझ्याकडं बगितलं. मी काय सांगणार? मला हिवरगव्हाण उगवतीला का मावळतीला तेच ठावं न्हाई. ती म्हणली, "घेते."

"मग बुधवारी दवाखाना बंद व्हायच्या आत हजर व्हा. न्हाई झालात तर जागा दुसऱ्याला जाईल. मग तुमचा नंबर कवा लागंल ते मी सांगू शकत न्हाई."

घरी आलो. मामा उंबऱ्यातच बसल्याले. मालननं समदं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं अन एकच इचारलं, "न्यायला कवा येणारेत?"

"कोण न्यायला, बा?"

"कोण म्हंजे? हिवरगव्हाणचे."

हितं बग, पंडित, तुला ही रीत सांगाया पायजे, तुमच्या येळंला समदं मोटारीवर आलं. आमच्यात लेक सासरी धाडायची तर बाप आपण होऊन नेऊन घालत न्हाई. सासरचं माणूस न्यायला येतंय. त्याला मूळ म्हणायचं. मूळ येतं, घरात बसतं, भाकर खातं, मंगच लेक त्याच्यासंगं निघती. भाकर न खाता कुणी न्यायला आला तर लेक द्यायची न्हाई. अन बापानंच नेऊन सोडली तर गाव म्हणतंय, जड झाल्ती व्हय रे पोरगी?

मालन म्हणली, "बा, ही नोकरी हाय. माझं लगीन न्हाई लागलं."

"नवं गाव, नवं घर, अनोळखी माणसं. लग्नाहून काय येगळं हाय?"

"सरकार असं न्यायला येत नसतंय!"

"जीप हाय ना सरकारला? म्या बगितलीय. लसी टोचायला येती ती. मंग डॉक्टर न्यायला येईना व्हय?"

मालन हात जोडून म्हणली, "बा, छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला तवा तुमी समदं सोडलंत. देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. अन हे मूळ तेवढं धरून बसलात व्हय?"

मामा म्हणले, "देव सोडले. लेक न्हाई सोडली."

तुझा आजा रंगनाथ बापाम्होरं तोंडच उघडायचा न्हाई. मला कोपऱ्यात घेऊन म्हणला, "तू बोल ना काय तरी." म्या म्हणलं, "बहीण तुमची, बाप तुमचा, अन तोंड मी घालू?"

मंग सुरू झालं ते वाट बगणं. बया, त्या दिसांची आठवण आली तरी जीव वरखाली होतो. रोडवर मोटार वाजली की मालन दारात. येष्टी थांबली की दारात. वस्तीतली बाया-माणसं येताजाता इचारायची, "डॉक्टरीणबाई, कवा निघणार?" चतुराबाई म्हणून व्हती शेजारी, लय जिभाळ. ती म्हणायची, "आगं, नोकरी लागली म्हणती का लागणार म्हणती?" मालन आत येऊन ट्रंक उपसायची. कापडं तीच, चार लुगडी अन एक नळी ती कानाला लावायची. भाकर वाढली की निम्मी टाकून उठायची. अन मामा? कामावरून आले की हातपाय धुयाच्या आधी इचारायचे, "आलं का कुणी?" त्यांना बी गोड लागत नव्हतं काही.

एकदा त्यांना पाणी द्यायला गेले तवा मला म्हणले, "गीते, तुला वाटतंय म्हातारा येडा झाला. ती पोरगी त्या गावात एकटी ऱ्हाणार. आपण कोण ते गावाला कळणारच. हिरीवर तिला कुणी पाणी देईल का? तापानं पडली तर कुणी उंबऱ्याच्या आत येईल का? सरकार जागा देतंय, गाव थोडंच देतंय. त्या गावच्या माणसानं आदी माझ्या घरात भाकर मोडावी. मंग माझा जीव खाली बसंल."

तवा मला कळलं, लेकरा. ती रीत नुसती रीत नव्हती. तो माणूस भ्यायला व्हता.

म्या म्हणलं, आता सरकारचं काय खरं न्हाई, मूळ आपणच बगावं. बाजाराच्या दिशी मीठ-मिर्चीचं निमित करून निघाले अन तडक शेळ्या-मेंढरांच्या बाजारात, आडगावची माणसं तिथंच भेटतेत. तिथं काय, समदे खांद्यावर घोंगडं टाकल्याले, अन नुसतं बें-बें. म्या ज्याला त्याला इचारत सुटले, "हिवरगव्हाणचं कोण हाय का?" एक जण म्हणला, "बोकड घ्यायचंय का गाव?" म्या म्हणलं, "गावच घ्यायचंय!"

मंग एका लिंबाखाली सापडला. येडबा नाव त्याचं. धनगर गडी, उन्हानं रापल्याला, मिशा पांढऱ्या. म्या इचारलं, "पाव्हणं, हिवरगव्हाणचे का?"

"व्हय. कामून?"

"तुमचं गाव काय गाव हाय का? तुमच्या दवाखान्याला डॉक्टरीण मिळालीय. ट्रंक भरून बसलीय घरात. अन तुमी न्यायलाच येईनात!"

त्यो गडी उभाच ऱ्हायला. "आमाला कुणी सांगितलंच न्हाई की! डॉक्टर… बाई हाय?"

"बाई हाय. माझी नणंद. बुधवारच्या आत न्याल तर तुमची, न्हाईतर दुसऱ्याच गावाची. गाडी घेऊन या. आमी बुद्धाच्या वस्तीत ऱ्हातो, जिनिंगच्या मागं. कळलं?"

वस्तीचं म्या मुद्दाम सांगितलं. माणसानं दारात येऊन माघारी फिरण्यापरीस न आल्यालं बरं.

त्यानं टाळू खाजवली. म्हणला, "घरी इचारतो." घरी इचारतो! म्या मनात म्हणलं, झालं, गेलं.

दुसऱ्या दिशी कुणी आलं न्हाई. मी कुणाला बोलले बी न्हाई, पण आता मालनसंगं मी बी दारात. भाकर करपायली, दूध उतू जायलं. चतुराबाई म्हणली, "गीते, तुला बी नोकरी लागली का काय?"

बुधवार उजाडला. मालननं सकाळीच ट्रंक बांधली, सुतळीनं आवळली. बापाम्होरं उभी ऱ्हायली. "बा, दुपारपतुर वाट बगते. मंग मी चालत निघते. तुमी राग धरा का काय बी करा." मामा त्या दिशी कामावर बी गेले न्हाईत. उन्हं डोक्यावर यायली. मी चुलीम्होरं, पण कान भाईर.

अन घुंगरं वाजली! बैलाची. मी पीठाच्या हातानं पळाले. येडबाची गाडी, अन गाडीत त्याची बायको, केवळाबाई. ठसठशीत बाई, कपाळभर कुंकू, मांडीवर नवं घोंगडं घडी घातल्यालं. वस्तीतलं समदं लेकरू गाडीमागं.

मामा उठले. पटका सारखा केला. "या पाव्हणं. कोण गाव?"

"हिवरगव्हाण. डॉक्टरीण न्यायला आलो."

मामांचं तोंड असं फुललं! म्हणले, "सरकारनं धाडलं?"

म्या मागून येडबाला डोळे दावायले, मान हलवायले. पण त्यो भोळा माणूस. म्हणला, "सरकार कशाचं? ही बाई आलती ना बाजारात, आमाला चार गोष्टी सुनावून गेली." अन बोट माझ्याकडं.

समदे माझ्याकडं बगायले. तुझा आजा तर भिंतीत शिरतो का काय असा झाला. मामांनी मला वरून खालपतुर बगितलं अन एवढंच म्हणले, "मिर्ची आणली व्हतीस ना, मंग वाढ."

म्या ताटं केली. ज्वारीची भाकर, ठेचा, तुरीचं वरण. येडबा गाडीपाशीच घुटमळायला. म्हणला, "भाकरीचं राहू द्या. माझा उपास हाय. खंडोबाचा."

मामा हळूच म्हणले, "खंडोबाचा रविवार असतो, पाव्हणं. आज बुधवार हाय."

काय सांगू तुला, ती घडी! बैल बी शेपूट हलवायचं थांबले असं वाटलं. येडबा खाली बगायला. मालननं ट्रंकीची कडी धरली अन म्हणली, "बा, राहू द्या. मला जाऊ द्या. येळ जायलाय."

"न्हाई," मामा म्हणले. "न खाता न्हाई."

तवर केवळाबाई गाडीतून खाली उतरली. घोंगडं मालनच्या खांद्यावर टाकलं, पाट वढला अन माझ्या घरात चुलीम्होरं बसली. नवऱ्याला म्हणली, "सकाळी गाडीत दोन भाकरी हाणल्या, अन म्हणं उपास! वाढ गं बाई मला. माझी सून दोनदा बाळंत झाली अन दोन्ही खेपंला पाळणा रिकामा ऱ्हायला. आता पुन्हा दिस भरत आलेत. खंडोबाचं मी बगून घेते, तू वाढ."

अन मोडली तिनं भाकर. मामा तिच्या हाताकडं बगतच ऱ्हायले.

येडबा मंग आत आला. जोडे काढले, बसला. पयल्याच घासाला ठेचा लागला त्याला, डोळ्यातून पाणी. "तुमच्यात तिखट लय खातेत!"

मामा म्हणले, "आमच्यात न्हाई. ही गीताच तिखट हाय." अन हासले. किती दिसांनी हासले!

पाठराखीण म्हणून मलाच धाडलं. नवरीसंगं जाती तशी मी डॉक्टरणीसंगं, तुझा बाप मांडीवर. मामा गाडीच्या दांडीला धरून वस्तीच्या टोकापतुर आले. मालननं पाया पडायला वाकावं तर म्हणले, "जा, जा, येळ झाला," अन तोंड फिरवलं. भुवईचा कापूस पुसायलेत असं दाखवलं. त्या दिशी कामावर गेलेच नव्हते, कुठला कापूस?

वाटभर मालन मनगटावरचं घड्याळ बगायची अन येडबाला म्हणायची, "काका, हाणा ना." येडबा म्हणायचा, "बैल हायत बाई, मोटार न्हाई." केवळाबाई म्हणायची, "हाण रे, उपाशी हायस का?" दवाखान्याला पोचलो तवा कंपाउंडर, बन्सीधर नाव त्याचं, कुलूप लावायलाच निघाल्याला. आमाला बगून म्हणला, "आज बंद झालं. डॉक्टर न्हाईत हितं." मालन गाडीतून उडी मारून खाली. "हायत," म्हणली, "उघडा."

सही केली अन तिनं लगीच ट्रंकीची सुतळी सोडली.

पुढं काय? केवळाबाईच्या सुनेला पोरगी झाली, अन असली रडायची की चावडीवर ऐकू जायचं. एवढंच पुरे. मालन तिथं लय दिस ऱ्हायली. बदली आली तवा गाव रडलं म्हणतेत, मी नव्हते. ते घोंगडं अजून हाय तिच्याकडं, कसर लागलीय.

आता हे कामून लिहायला लावलं ते सांगते. तुझी बहीण संघमित्रा, डॉक्टर झाली, आडगावात जागा मिळाली म्हणून तिकडं औरंगाबादेत तोंड फुगवून बसलीय ना? फोनवर म्हणती, आजी, तिथं माझं कोण हाय. तर हा कागद तिला धाड. अन एक निरोप दे, इसरू नको. म्हणावं, आजीनं इचारलंय, त्या गावचा बाजार कंच्या वारी असतो?