लाल पट्टीचा पंप आणि देशमाने सर

देशमाने सरांची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली. ताथवड्याचं इंजिनिअरिंग कॉलेज अर्धवट सोडून मी कुरुळीला घरची शेती बघत होतो. शेजारच्या बबनकाकांच्या टोमॅटोचे शेंडे एकाएकी पिळवटले, पानं वळली. काकांच्या थोरल्या मुलीवर माझा जीव आहे, हे निम्म्या गावाला ठाऊक आहे; नाव लिहीत नाही, ती रागावेल. तिचा उतरलेला चेहरा पाहून मी तडक सरांच्या शेती-औषधांच्या दुकानात घुसलो. टोमॅटोवरच्या करपा रोगाचं औषध काकांनी तिथूनच नेलं होतं.

“शेंडे असे वळलेत,” मी हात पिळून दाखवला. “बाटलीत काय भेसळ केलीत?”

सर शांत होते. अशा शांत माणसांचा मला आधीच संशय येतो. त्यांनी एवढंच विचारलं, “फवारलं कोणत्या पंपाने?”

“काकांच्या. विषय बदलू नका.”

“नाही बदलत. पंप आण, बाटलीपण आण.”

तळेगावच्या कंपनीत सरांनी उमेदीची वर्षं तणनाशकांवर काम केलं. मग नोकरी सोडून हे दुकान थाटलं. त्यांनी घेवड्याची रोपं लावलेले दोन कप काढले. एकावर बाटलीतलं औषध फवारलं, दुसऱ्यावर काकांच्या पंपात खळबळवलेलं साधं पाणी. सर कप बदलतील म्हणून मी दोन्ही घरी नेले आणि खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी औषधाचं रोप ताठ, पाण्याचं पिळवटलेलं.

काकांनी टोमॅटो फवारण्याआधी, त्याच आठवड्यात तो पंप मी माझ्या गव्हातलं तण मारायला नेला होता. आत टू-फोर-डी हे तणनाशक होतं. परत देताना पाण्याने एकदाच विसळला होता.

“हे औषध झाडातल्या वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेतं,” सर म्हणाले. “टोमॅटोला ते खरं वाटतं. वाढ, वाढ असा हुकूम सुटतो, खोड पिळतं, अन्नपाण्याच्या नळ्या बंद पडतात. गव्हातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याच रेणूत फेरफार करतात, त्याला साखरेशी बांधून निकामी करतात. तू टोमॅटो आहेस राव. कानावर काही पडलं की लगेच पिळवटतोस.”

काकांकडे सर स्वतः माझ्याबरोबर आले. मी कबूल केलं. काका म्हणाले, “व्हय, पंप तूच नेला व्हता. आता ह्या दारात येऊ नको.” तेव्हा सर म्हणाले, “औषध देताना पंप कोणता, हे मी विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे.” त्यांची काही चूक नव्हती. तेव्हापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पंप विचारतात, आणि तणनाशकाच्या वेगळ्या पंपावर स्वतः लाल पट्टी रंगवून देतात.

पण मनातला संशय जाईना. सरांना विचारलंच, “तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?”

“शेंडे कसे वळलेत ते तू हाताने करून दाखवलंस, तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू ऐकलं असतंस?”

यंदा काकांनी करप्याच्या फवारणीला पुन्हा आपला पंप मला दिला. परत घेताना मात्र झाकण उघडून वास घेतात. मुलीला मागणी घालायला सर माझ्याबरोबर येणार आहेत, म्हणतात, “काका वास घ्यायचे थांबले, की जाऊ.” काकांना काही घाई दिसत नाही. म्हणून आज साठी पूर्ण करणाऱ्या सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, पाय धडधाकट राहोत. यात माझा स्वार्थ आहे, हे सरांनी केव्हाच ओळखलं असेल.