डबक्याला वळसा

दर रविवारी जीप घेऊन आडवाटेनं भटकणाऱ्या गोकुळच्या काही सवयी. मातीचा रस्ता लागला की आधी उतरून, पकड यावी म्हणून टायरमधली थोडी हवा सोडणं. शेळ्या दिसल्या की हॉर्न न देता इंजिन बंद करणं. बैलगाडी आली की आपण मागं सरणं. डबकं आलं की काठीनं खोली बघून सरळ मधूनच जाणं, कारण कडेनं जाणाऱ्यांमुळं रस्ता शेतात शिरतो. आणि हे सगळं शेजारी बसलेल्याला दर रविवारी नव्यानं सांगणं.

शेजारी बहुतेक अमेय असे. शहरातल्या उस्मानपुऱ्यातला, मराठी साहित्यात एम.ए. झालेला, मातीबद्दल भरपूर वाचलेला आणि बूट खराब होतील म्हणून जीपमध्येही पाय वर घेऊन बसणारा.

त्या रविवारी गंगापूरच्या पुढं, आवडाबाईंच्या शेतालगतच्या वाटेवर डबकं आलं. जीप आदल्याच दिवशी पोपटी रंगवलेली. गोकुळनं गाडी चक्क कडेनं घातली. बांध फुटला, दोन ओळी कपाशी चाकाखाली गेली. अमेयनं पाय आणखी वर घेतले.

आवडाबाई धावत आल्या. "कामून वळलास रं? पाण्याला भ्यालास?"

"नाय मावशी, चिखलाला. रंग नवा हाय. चारी चाकांना जोर हाय, डोक्यालाच द्यायचा राहिला."

त्यांनी बाभळीची काटेरी फांदी ओढून वाटेवर आडवी टाकली. "आता कोणाचीच गाडी नाय. दरवेळी एकजण वळतो अन् माझं वावर कमी होतं."

"गावाचं दूध याच वाटेनं जातं. माझ्यापायी गावाला नका अडवू."

"मंग बांध घाल. होता तसा."

गोकुळ फावडं घेऊन उतरला. कारखान्यात बटणं दाबणारे हात. लगेच फोड आले. "बायको म्हणतच होती, व्यायाम करा."

अमेयनं पाटीभर माती आणून टाकली, ती नेमकी कपाशीवर.

"हे पोरगं काय शिकलंय?"

"साहित्य."

"मंग बसू दे त्याला."

अमेय बसला.

दुधाच्या मोटारसायकली आल्या. आवडाबाईंनी फांदी उचलून त्यांना जाऊ दिलं आणि पुन्हा जीपसमोर आणून टाकली.

"बघ," गोकुळ खुशीत म्हणाला, "बरोबर माणूस अडकला."

दिवस कलला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळची कारखान्यात पहिली पाळी होती. जीपची किल्ली तारण म्हणून आवडाबाईंच्या हाती देऊन तो अमेयबरोबर काळीपिवळी टॅक्सीत कोंबून बसला, बजाजनगरला घरी निघाला. बांध निम्माच झाला होता. उरलेल्या खिंडारात फावडं तसंच उभं होतं.