जबड्याची चावी

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं. पण झोपेत माझा श्वास मध्येच थांबायचा आणि तो परत सुरू होईपर्यंत बायको जागी राहून ऐकत बसायची. दिवसा मग मला पेंग यायची. एकदा मोशीच्या सिग्नलला मोटारसायकलवरच डोळा लागला आणि गाडी कलली. मागे बसलेली बायको उतरली ती उतरलीच. म्हणाली, "तुम्ही नीट झाल्याशिवाय तुमच्या मागं बसायची नाही मी." तेव्हापासून ती बसने जाऊ लागली. मागची सीट रिकामी घेऊन फिरणं मला फार लागलं.

तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला. हवेचं मशीन आणि मास्क मिळाला, पण झोपेत मीच तो ओढून फेकायचो. शेवटी डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. आजार फार वाढलेला नाही, त्यांच्या उपायाने भागेल म्हणाले. बाईंनी वरच्या-खालच्या दातांवर बसणारी पट्टी करून दिली. ती खालचा जबडा जरा पुढे धरते, म्हणजे घशाची वाट उघडी राहते. बाजूला बारीक स्क्रू आणि तो फिरवायला इवलीशी चावी. आठवड्याला एकच फेरा, असं बाईंनी बजावलं.

आता महाळुंग्याच्या कंपनीत प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे बसवण्यात माझी हयात गेलेली. तिथे सेटिंग एकदाच आणि झटपट करायचं, नाहीतर लाइन उभी राहते. मी एका बैठकीत चार फेरे दिले. सकाळी वरचे दात एकीकडे, खालचे दुसरीकडे. भाकरी चावेना. कँटीनमध्ये नुसता डाळभात गिळताना पाहून एकाने विचारलं, "काय राव, आता अक्कलदाढ आली का?"

बायकोसोबत दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काका, हा जबडा आहे, डाय नाही," एवढंच म्हणाल्या. बायकोने तिथेच चावी माझ्याकडून घेतली आणि घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. दर रविवारी चष्मा लावून तीच फेरा द्यायची. मी, डाय फिटर, शेजारी बसून बघायचो.

पुन्हा तपासणी झाली आणि रिपोर्ट चांगला आला. मला वाटलंच होतं. बायको बसने आली होती. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती माझ्या मागे येऊन बसली.

भर दुपारी, मोशीच्या अलीकडे, तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. हाक मारली तर उत्तर नाही. इतकी वर्षं माझ्यासाठी जागलेली बाई बसल्या बसल्या झोपली होती. मी गाडी हळूच कडेला घेतली, दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि तिला झोपू दिलं.