कापसाचे बोळे

आमच्या दाजींचा आवाज त्यांच्या आधी घरात येतो. जिन्यातूनच विचारतात, "चहा झाला का?" ताई "झाला" म्हणते, ते त्यांना ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा विचारतात. डावा कान पार गेलेला, उजवा जायच्या वाटेवर. माझ्या बहिणीने त्यांच्याशी संसार केला तो उजव्या बाजूला बसून. जेवताना, गाडीत, पाहुण्यांत, कायम उजवीकडे. एवढं करूनही दाजी चारचौघांत म्हणणार, "हिला बोलताच येत नाही. पुटपुटते नुसती."

दाजी शूटिंग रेंजवर कोच. रेंज म्हणजे जुन्या गोदामाचं तळघर. सिमेंटच्या भिंती, बुटकं छत. गोळी सुटली की आवाजाला बाहेर जायला वाटच नाही, तो भिंतीवर आपटून परत तुमच्याच कानात येतो. दाराशी खुंट्यांवर कान झाकायचे इअरमफ टांगलेले आणि वर पाटी, की हे घातल्याशिवाय आत जाऊ नये. पाटी दाजींनीच लावली, पण ती फी भरणाऱ्यांसाठी. दाजी आणि त्यांचे जुने चेले कानात कापसाचे बोळे कोंबत आणि मफ घालणाऱ्यांना 'टोपडेवाले' म्हणत. खुंटीकडे न बघता जो आत जाई, तो रेंजचा घरचा माणूस. हम करे सो कायदा.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, माझ्या भाचीला, सुरक्षा दलाच्या नेमबाज तुकडीत जायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही मनातच नाही. हात असा स्थिर, की काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं जिन्यावरून नेईल आणि थेंब सांडणार नाही. ती बापाकडे शिकायला लागली तेव्हा मी स्पष्टच म्हणाले, "दाजी, आधी तिच्या कानांचं बघा. तुमचे गेले तेवढे पुरेत."

ताईनेही कधी नव्हे ते तोंड उघडलं, म्हणून आम्ही दुकानात गेलो. दुकानदार नीट समजावून सांगणारा होता. म्हणाला, बंद जागेत दोन्ही घालायचं, आत फोमचे प्लग आणि वरून मफ. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. मफ पातळ कपांचा घ्यायचा. जाड असला तर गाल टेकताना बंदुकीच्या दस्त्याला अडतो, कप उचलला जातो आणि फटीतून आवाज शिरतो.

"आणि कापूस?" मी मुद्दाम विचारलं.

"कापूस जखमेला लावायचा, मॅडम. तो आवाज अडवत नाही."

भाचीने पातळ कपांचा हिरवा मफ निवडला आणि आरशात बघून हसली. दाजी तिच्या मागे गेले आणि हळूच म्हणाले, "पोरी!" ती वळली नाही. दाजींनी मफ तिच्या डोक्यावरून ओढून काउंटरवर टाकला.

"माझा हुकूम ऐकू आला पाहिजे. रेंजवर ज्याला हुकूम ऐकू येत नाही, तो मरतो नाहीतर मारतो."

दुकानदार म्हणाला, बोलणं ऐकू देणारे आणि गोळीचा आवाज तेवढा रोखणारे मफही असतात, दाखवू का? दाजींनी ते ऐकलंच नाही. तो डाव्या बाजूला उभा होता.

मग मीच भाचीला फोमचे नारिंगी प्लग गुपचूप नेऊन दिले. ते तिने थोडेच दिवस घातले. एकदा मी डबा द्यायला रेंजवर गेले होते, तेव्हा दाजींना तिच्या केसांआडून नारिंगी टोक दिसलं. त्यांनी फायरिंग थांबवलं. सगळ्यांसमोर तिच्या कानांतले प्लग दोन बोटांनी उपटले, टार्गेटच्या मधोमध टाचणीने टोचले आणि परत येऊन म्हणाले, "उडव."

पोरीचे डोळे भरले होते. पण तिने बंदूक उचलली, कान उघडे ठेवून, आणि दोन्ही प्लग उडवले. चेल्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजी म्हणाले, "शाब्बास!" जन्मात पहिल्यांदा म्हणाले असतील. पोरगी हसायला लागली, माझ्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा दाजींचाही आला नाही. त्या दिवसापासून तिच्या कानात कापूस.

पुढे ती फोन उजव्याच कानाला लावू लागली. मग घरातल्या घरात "काय?" म्हणू लागली. कुकरची शिट्टी ऐकू यायची, पण खिडकीतल्या चिमण्या गेल्या. ताई दोघांच्याही उजवीकडे एकाच वेळी कशी बसणार? ती जेवताना उभीच राहायला लागली. दाजी खूश. म्हणत, "माझ्यावर गेलीय."

दलाच्या नेमबाजीच्या परीक्षेत भाची पहिली आली. दाजींनी रेंजवर पेढे वाटले. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी.

कान तपासायची खोली काचेची होती. आत भाची हेडफोन लावून बसली, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर टेबलावर तपासणारी बाई, तिच्या मागे मी आणि दाजी. ताई घरीच थांबली होती. प्रत्येक आवाजाला बाईच्या यंत्रावर दिवा लागे. सुरुवातीच्या जाड आवाजांना भाचीने चटचट बटण दाबलं. मग दिवा लागत राहिला आणि अंगठा हलेना. तिने काचेतून बापाकडे बघितलं, रेंजवर बघायची तसं.

दाजींना ते कळलं. दिवा लागला की ते बोट उचलू लागले. बोट वर गेलं की अंगठा खाली. बाईने मागे वळून बघितलं, उठून आत गेली आणि भाचीची खुर्ची भिंतीकडे फिरवून आली.

दिवा लागला. अंगठा तसाच. पुन्हा लागला.

"दाब!" दाजी काचेवर हात आपटून ओरडले. "अगं दाब! दाब म्हणतो ना!"

"काका, बाहेरचं आत काही ऐकू जात नाही," बाई म्हणाली.

मला वाटलं, म्हणावं, ओरडा दाजी, आणखी जोरात द्या हुकूम. इतकी वर्षं हे सुनावायची वाट बघत होते मी. पण बाईने यंत्र बंद केलं होतं, कागदावर शेरा मारून पेनाला टोपण लावलं होतं, आणि आत भाची पाठ ताठ करून, अंगठा बटणावर टेकवून, पुढच्या आवाजाची वाट बघत बसली होती.