एलुनेडचा रविवार

आमच्या ब्रिनलास गावात चार माणसं जमतील अशा जागा दोनच: बेथानिया चॅपेल आणि त्याच्या समोरचा ‘मेंढा’ पब. दोन्ही बांधल्या स्लेटच्या खाणीत राबणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांनी. पुढे खाण बंद पडली, पोरं लिव्हरपूलला गेली आणि चॅपेलमध्ये मूठभर म्हाताऱ्या उरल्या. पब मात्र टिच्चून चालला, कारण तो एलुनेड पॅरीच्या ताब्यात होता.

एलुनेड अंगानं एवढीशी, पण ती नुसती खाकरली तरी दंगा करणारा गडी ग्लास ठेवून मुकाट घरी जायचा. सहा दिवस ती बिअर ओतायची आणि रविवारी डोक्यावर टोपी चढवून समोर ऑर्गन वाजवायला जायची. रविवारी पब बंद, हा आमच्या जिल्ह्याचा नियम. दर सात वर्षांनी त्यावर मतदान व्हायचं. घोटभर बिअरसाठी दर रविवारी नदीपलीकडच्या जिल्ह्यात तंगडतोड करून आमचा जीव मेटाकुटीला आला होता. त्या वर्षी आम्ही बाप्यांनी कंबर कसली.

आणि ही बया दारोदार फिरून स्वतःच्याच पबविरुद्ध मतं मागू लागली!

“अगं, गल्ला तुझाच भरणार ना?” आमचा म्होरक्या, मेंढरंवाला एम्रिस म्हणाला.

“आणि ऑर्गन कोण वाजवणार, तुझी मेंढरं? मी तिथून उठले की चॅपेलला कुलूपच लागेल.”

“लागू दे की. गातंय कोण तिथं?”

एलुनेड वळली आणि पुढचं दार ठोठावू लागली. मला फार वाईट वाटलं. मत मात्र मी बिअरलाच दिलं.

आम्ही जिंकलो; आता रविवारी दुपारी बारा ते दोन पब उघडता येणार होता. पहिल्या रविवारी बाराच्या ठोक्याला सगळे ‘मेंढ्या’समोर हजर. दाराला कुलूप, वरून धो धो पाऊस आणि समोरून ऑर्गनचे सूर. एम्रिस तरातरा चॅपेलमध्ये शिरला, मागोमाग आम्ही.

“किल्ली दे, एलुनेड. दोनला परत बंद करायचंय.”

“उघडायची मुभा मिळालीय, सक्ती नाही झालेली,” ती हात न थांबवता म्हणाली. “एवढं गीत होऊ दे. आणि टोप्या काढा, गोठा नाहीये हा!”

आम्ही मागच्या बाकांवर टेकलो. गीत लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेलं. आधी एम्रिसच खर्जात गुणगुणला. मग कुणाला राहवतंय? म्हाताऱ्या माना वळवून बघायला लागल्या. खाण बंद झाल्यापासून त्या छताखाली बाप्यांचा आवाज घुमला नव्हता.

“मागचे, सूर पडतोय! पुन्हा!”

पुन्हा गायलो. मग दुसरं, मग तिसरं, पुढं मोजणंच विसरलो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसलीही नाही.

शेवटी तिनं ऑर्गनचं झाकण लावलं आणि किल्ली एम्रिसच्या हातावर ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते.

“पुढच्या रविवारी साडेअकराला,” ती म्हणाली. “खर्जवाल्यांनी जरा आधी या.”