खिडक्यांचा उलटा फेरा

दिवाळीला घराला लाईटिंग करायची म्हणजे दुकानातून माळ आणायची, खिळ्याला अडकवायची आणि बटण दाबायचं, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. मी आणलेली पट्टी तशातली नव्हती. तिच्यातल्या प्रत्येक दिव्याला स्वतःचा नंबर असतो आणि फोनवरून एकेकाला वेगळा हुकूम सोडता येतो. तू लाल हो, तू पिवळा हो, तू गप बस. मी शाळेतल्या मास्तरकीसाठी आठवडाभर लातूरला असतो आणि शनिवारी नांदेडला घरी येतो. त्या पावसाळ्याच्या शेवटी लातूरच्या खोलीवर बसून मी फक्त खिडक्यांची चित्रं काढली. कुठून सुरुवात करायची, वायर कुठून न्यायची, रंग कसा पळवायचा. बायको फोनवर म्हणायची, "लग्न ठरवताना एवढा विचार केला असता तर बरं झालं असतं."

तिला खरं कारण मी सांगितलं नव्हतं, तरी तिला ते माहीत होतं. मला आईला पुढच्या अंगणात आणायचं होतं.

बाबा गेले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं, पुढच्या पायरीसमोर. त्याच पायरीवर आई आणि बाबा रोज संध्याकाळी बसायचे. फार बोलायचे नाहीत. रस्त्यावरून कोण चाललं, कुणाची गाडी नवीन आली, एवढंच चालायचं. बाबा गेल्यावर आई त्या पायरीवर बसली नाही. बसणं सोडाच, ती पुढच्या दारातूनच जाईना. देवळात जायचं तर मागच्या बोळातून. भाजीवाला हाक मारायचा तर बायकोला पुढं पाठवायची. मी एकदोनदा विषय काढला, तेव्हा "मागचं दार काय वाईट हाय का?" एवढंच म्हणाली. पुढं बोलायची सोय नव्हती. माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे, म्हणून मीही तिथंच सोडायचो.

दुखवट्यामुळे गेल्या दिवाळीला आमच्याकडे कढई चढली नव्हती. शेजाऱ्यांनी चिवडा, करंज्या आणून दिल्या, त्या तशाच डब्यात राहिल्या. यंदा दसऱ्याच्या आधी वर्षश्राद्ध झालं आणि घराला सण करायची मोकळीक मिळाली. तेव्हा मी ठरवलं की यंदा घर असं उजळायचं, की आईला बाहेर येऊन बघावंच लागेल. माणसाला बाहेर काढायला एवढी यातायात कशाला, असं कुणी म्हणेल. पण "आई, जरा बाहेर बस ना" असं सरळ म्हणण्यापेक्षा मला वायरी जोडणं सोपं गेलं.

आमच्या घराला पुढून तीन खिडक्या आहेत. एक हॉलची, मधली आईच्या खोलीची आणि टोकाला माझ्या खोलीची. मी चित्र दाखवलं तेव्हा आईनं चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "माझ्या खिडकीला नको."

"का?"

"नको म्हणलं ना. मला झोप लागत न्हाई उजेडात."

आता पंचाईत अशी, की या पट्टीत हुकूम एका दिव्यातून दुसऱ्या दिव्यात, असा हातोहात पुढं जातो. मधली खिडकी गाळली तर टोकाच्या खिडकीपर्यंत काही पोचणारच नाही. मी हे आईला समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, "तुझ्या पोरांना शिकवतोस तसं मला नको शिकवू." शेवटी तडजोड झाली. पट्टी तिच्या खिडकीलाही लावायची, पण तिथले दिवे बंद ठेवायचे. त्यांनी हुकूम पुढं द्यायचा आणि आपण अंधारात राहायचं.

पट्टी मी खिडकीच्या चौकटीला आतूनच लावायचं ठरवलं. बाहेर जाळी आहे, आणि उन्हात चिकटपट्टी सुटते. वसुबारसेच्या दिवशी सकाळपासून मी स्टुलावर आणि बायको खाली पट्टी धरून. पट्टीवर बारीक बाण छापलेले असतात, हुकूम कुठून कुठं जातो ते दाखवणारे. बाण चुकला की दिवे लागत नाहीत. म्हणून मी ओरडत होतो, "बाण बघ, बाण बघ." ती म्हणाली, "बाणच बघून राहिले सकाळपासून. रामायणात पण एवढे नसतील." आईच्या खोलीत गेलो तेव्हा आई पलंगावर बसून देखरेख करत होती. मी खालच्या कोपऱ्यातून पट्टी चढवायला लागलो तशी म्हणाली, "देवाला फिरतो तसं घे. डाव्या अंगानं वर, उजव्या अंगानं खाली." मी आधीपासून तसंच घेत होतो. देवळात कुणी शिकवावं लागत नाही, पाय आपोआप त्याच बाजूला वळतात. माझ्या चित्रातही सगळे बाण तसेच होते. आई "हं" म्हणाली. त्या "हं"चाही मला आनंद झाला.

टोकाच्या खिडकीवर पांढरा दिवा तांबूस पडायला लागला, कारण लांबवर वीज पुरत नव्हती. मग तिकडूनही विजेची एक तार दिली. दुपारपर्यंत सगळं मार्गी लागलं. हॉलमध्ये उभं राहून मी फोनवर बोट टेकवलं. सोन्यासारखा पिवळा रंग चौकटीच्या डाव्या अंगानं वर चढला, उजव्या अंगानं उतरला, आईची खिडकी अंधारातच ओलांडून माझ्या खोलीत गेला. मी खूष होतो. बायकोही खूष होती, पण तसं म्हणाली नाही.

दिवेलागणीला मी सगळं चालू केलं आणि आईला हाक मारली. "आई, बाहेर येऊन बघ ना. एकदाच."

"इथूनच दिसतंय की," ती आपल्या खोलीतून म्हणाली.

मला राग आला. बाहेरून बघायचा दिवा आत बसून कसा दिसणार, असं तोंडावर आलं होतं. मी एकटाच अंगणात गेलो. मागून बायको आली. तेवढ्यात समोरच्या काकू गेटापाशी येऊन थांबल्या. त्यांचा आवाज असा, की त्यांना फोनची गरज पडत नाही.

"लई झकास केलंय हो भाऊ! पण उलटं फिरून राहिलंय की."

मी वळून बघितलं. खरंच उलटं फिरत होतं. आतून डावीकडून चढणारा रंग बाहेरून उजवीकडून चढत होता. एवढे दिवस चित्रं काढली, पण सगळी घराच्या आतून बघितल्यासारखी काढली. आमच्यापैकी कुणी एकदाही बाहेर येऊन बघितलं नव्हतं. आणि उलटा फेरा कुठं घालतात ते मला कुणी सांगायला नको होतं. खांद्यावर मडकं घेऊन मी तो घातलेला होता.

पुढचं दार उघडलं आणि आई उंबऱ्यात आली. काकूंचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. एक हात चौकटीला, डोक्यावर पदर. एक वर्ष मी याची वाट बघितली होती आणि ती आली ती या कारणानं.

"काय करून ठेवलंस रे?" ती म्हणाली. "बंद कर ते आधी."

"बंद कशाला, आई, सुलटं करतो. फोनवर होतं."

"हाव, तुझ्या फोनवर सगळं होतं. ते पळणं थांबव. पळवायचंच कशाला? दिव्यानं कसं एका जागी राहावं."

मी थांबवलं. कित्येक रात्री बसून जमवलेला तो रंगांचा खेळ एका बोटानं संपला आणि नुसता पिवळा उजेड राहिला. आई तशीच उभी होती. पायरीकडं तिनं बघितलं नाही, पण खिडक्यांकडं बघितलं. मग मधल्या खिडकीकडं हात केला.

"ही का अंधारी?"

"तूच म्हणालीस ना, नको म्हणून."

"म्हणले असेन." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "अशी बरी न्हाई दिसत. या खोलीत माणूस राहतंय म्हणून दिसायला पाहिजे. लाव."

मी तिच्या खिडकीचे दिवे लावले. बायकोनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, आता आई एक पायरी उतरेल. ती वळली आणि आत गेली. काकूही तिला मागून "येते हो ताई" म्हणून गेल्या. मी अंगणात उभा राहून स्वतःवरच चरफडलो. एवढी पट्टी, एवढ्या तारा, आणि आई आली ती उंबऱ्यापर्यंत. मला रडू येत होतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. मी आणखी काहीबाही सुधारत बसलो होतो. दिवेलागणीला बरोबर वीज गेली. घरभर अंधार. मी वीज मंडळाला मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं आणि आपलाच फ्यूज उडाला की सगळ्यांची गेली ते बघायला पुढचं दार उघडून बाहेर आलो. पाय टाकणार तोच कुणीतरी बसलेलं जाणवलं.

पायरीवर आई होती. एका बाजूला सरकून बसलेली, दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून.

"वीज गेलीय, आई," मी म्हणालो. "आज लाईटिंग काही दिसणार नाही."

"मी काय तुझी लायटिंग बघायला बसलेय का?" ती म्हणाली. मग बाजूच्या रिकाम्या जागेवरून तिनं पदरानं धूळ झटकली. "बस इथं."